चौकातलं वळण आणि घाटातलं वळण

"वळताना मागच्या चाकातून घरघर येते." गॅरेजमध्ये तक्रार बहुधा एवढ्याच शब्दांत येते. तिच्यात दोन गोष्टी सांगितलेल्या असतात : आवाज कुठून येतो आणि केव्हा येतो. गाडीमालक जोर देतो तो पहिल्या गोष्टीवर. मेकॅनिकही तीच धरून मागे जॅक लावतो, आणि 'वळताना' हा शब्द बोलण्याच्या ओघात वाहून जातो. या प्रकरणात मांडायचं आहे ते असं की आवाजाची जागा ओळखण्यात माणसाचा कान सहज फसतो, वेळ ओळखण्यात मात्र क्वचितच फसतो. म्हणून गाडी उचलण्याआधी 'केव्हा' या प्रश्नाचा पुरता कस लावावा. धाराशिव जिल्ह्यात त्यासाठी लागणारी दोन्ही प्रकारची वळणं हाताशी आहेत : बाजारपेठेतल्या चौकातलं आवळ वळण आणि सोलापूरकडून तुळजापूरला चढणाऱ्या घाटातलं लांब वळण. दोन्ही ठिकाणी स्टिअरिंग फिरतं, पण चाकांवर जे घडतं ते अगदी वेगळं असतं.

आधी कानाचं पाहू. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1907 मध्ये दाखवून दिलं की आवाजाची दिशा ठरवताना मेंदू दोन कानांमधल्या फरकावर विसंबतो. उंच पट्टीच्या आवाजात एका कानाला आवाज मोठा आणि दुसऱ्याला लहान येतो. खालच्या पट्टीच्या आवाजात दोन्ही कानांपर्यंत लहरी पोचण्याच्या वेळेत किंचित फरक पडतो. मोकळ्या माळावर ही पद्धत उत्तम चालते. बंद गाडीत ती कोलमडते. खराब बेअरिंगची घरघर बऱ्याचदा सेकंदाला शे-दोनशे कंपनांच्या आसपासची, खालच्या पट्टीची असते. तिच्या लहरीची लांबी दोन-तीन मीटर, म्हणजे डोक्यापेक्षा कितीतरी मोठी. त्यात ती हवेतून सरळ येत नाही. पत्र्यातून येते, आणि पोलादातून ध्वनी हवेच्या जवळजवळ पंधरापट वेगाने धावतो. पुढच्या हबमध्ये उठलेला थरथराट पाहता पाहता मागच्या सीटखालच्या पत्र्यात पोचतो आणि तिथून घुमू लागतो. हॅचबॅक गाडीत डिकी आणि केबिन यांच्यात भिंत नसते, त्यामुळे मागची पोकळी हा आवाज आणखी फुगवते. पुढच्या चाकाचा दोष 'मागून येतोय' असं वाटण्यात चालवणाऱ्याची काही चूक नाही. नवखे आणि जुनेजाणते, दोघेही इथे फसतात.

आता वळण म्हणजे काय ते पाहू. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर पूर्ण यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 4.7 मीटर जास्त चालतं. वर्तुळ लहान असो की मोठं, अर्ध्या फेरीत हा फरक तेवढाच राहतो. लहान गाडीच्या चाकाचा घेर 1.9 मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक जवळजवळ अडीच फेऱ्या जास्त मारतं. बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिची दोन्ही चाकं कण्यावर सुटी फिरतात आणि प्रत्येक चाक आपापल्या गतीने जातं. आगगाडीचं नेमकं उलट : चाकं आणि कणा एकजीव. 1897 मध्ये सुरू झालेली आणि 1911 मध्ये कसबे तडवळ्यावरून पुढे लातूरला पोचलेली बार्शी लाइट रेल्वे अशाच चाकांवर या भागातून धावत असे. अशी चाकं रुळाच्या वळणावर थोडी घसरतात, आणि आवळ वळणावर रेल्वेची किंकाळी ऐकू येते ती त्यामुळेच. मोटारीची अडचण अशी की मागच्या दोन्ही चाकांना इंजिनाची ताकद द्यायची आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचं. ही अडचण सोडवतो तो डिफरन्शियल. त्याचं पेटंट ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने 1820च्या दशकात, पेट्रोलवर चालणारी मोटार जन्मायच्या कितीतरी आधी, वाफेच्या गाडीसाठी घेतलं होतं.

वळणात दुसरीही एक गोष्ट घडते. गाडीचं वजन बाहेरच्या बाजूला कलतं. एक टन वजनाची गाडी साठ मीटर त्रिज्येच्या घाटातल्या वळणावर ताशी 45 किलोमीटरने गेली, तर साधारण 100 किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. तीच गाडी चौकात ताशी आठच्या वेगाने पाच मीटर त्रिज्येत वळवली तर भार सरकतो जेमतेम 40 किलो. चाकांच्या गतीतला फरक मात्र उलटा वागतो : चौकात तो 30 टक्क्यांच्या घरात, घाटात अवघा अडीच टक्के. चौक म्हणजे गतीच्या फरकाची परीक्षा, घाट म्हणजे भाराची. जो भाग गतीच्या फरकामुळे ओरडतो तो चौकात बोलेल. जो भार पडल्यावर ओरडतो तो घाटात बोलेल. नुसतं 'वळताना आवाज येतो' असं सांगणारा गाडीमालक या दोन परीक्षांची सरमिसळ करून टाकतो, आणि पुढे भलताच भाग बदलला जाण्याची बीजं तिथेच पडतात.

आणखी एक प्रश्न गाडी दारात असतानाच सुटू शकतो, तरी तो आश्चर्य वाटावं इतक्या क्वचित विचारला जातो : इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना जाते? स्विफ्ट, वॅगनआर, आय-20, टियागो, अर्टिगा या गाड्या पुढच्या चाकांवर ओढल्या जातात. त्यांची मागची चाकं नुसती मागोमाग फिरतात. मागे ना डिफरन्शियल, ना ड्राइव्ह शाफ्ट, ना सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोचवणारा सांधा). संशयित उरतात ते बेअरिंग, ब्रेक, टायर आणि त्यांना घासणारं काहीतरी, एवढेच. बोलेरो, जुनी सुमो, ईको आणि काळी-पिवळीत धावणारी क्रूझर यांना मात्र ताकद मागच्या चाकांना जाते. त्यांच्या मागच्या बाजूला डिफरन्शियलची पेटी, म्हणजे हाउसिंग असतं, त्यात क्राऊन-पिनियन ही मुख्य गिअरजोडी असते, आणि संशयितांची यादी तिथे एकदम लांबते. स्विफ्टच्या मागच्या आवाजावर 'डिफरन्शियल गेला' असं निदान कोणी केलं, तर त्या गॅरेजमधून गाडी वळवून परत आणावी.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत फक्त चौकात, हळू आणि आवळ वळणावर खरखर किंवा कटकट येत असेल, तर पहिला संशय डिफरन्शियलच्या पोटातल्या छोट्या गिअरवर घ्यावा. कारण सरळ आहे. सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं सारख्या गतीने फिरतात तेव्हा हे छोटे गिअर आपल्या पिनेवर फिरतच नाहीत. सगळा गठ्ठा एकत्र गरगरतो. ते फिरू लागतात ते वळणातच. सरळ रस्त्यावरही आवाज येत असेल, अॅक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा लागत असेल, तर संशय क्राऊन-पिनियन आणि त्यांच्या बेअरिंगवर सरकतो. पडताळणी सोपी आहे. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, मागची दोन्ही चाकं उचलून हाउसिंगखाली स्टँड द्या, गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने हळू फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेने फिरेल. त्या वेळी आतले छोटे गिअर चौकातल्यासारखेच काम करत असतात, फक्त इंजिनाचा गोंगाट नसतो. हाताला खडखड लागली, चाक अडखळलं, की उत्तर मिळालं. मग हाउसिंगचं ऑइल थोडं काढून पाहावं. ते दुधाळ असेल तर ओढ्या-नाल्यातून जाताना पाणी आत गेलं आहे. त्यात धातूची चमचम दिसली तर गिअर झिजत आहेत. ऑइल बदलून आवाज काही दिवस दबेल, दोष तिथेच राहील.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चौकातला आवाज बहुधा पुढचाच निघतो. स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू पुढे घेतल्यावर ठराविक तालात कटकट वाजली तर तो बाहेरचा सीव्ही जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलं की ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि आत धूळ शिरते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले तर गाडी उचलायचीही गरज नाही. खरोखर मागून येणाऱ्या आवाजाचा एक प्रकार मात्र हटकून राहून जातो. नवरात्रात तुळजापूरला निघालेल्या गाडीत पाचांच्या जागी आठ माणसं आणि डिकीत सामान असतं. मागचे स्प्रिंग आधीच दबलेले, त्यात वळणावर बाहेरची बाजू आणखी खाली बसते, आणि टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासतो. घरी आल्यावर माणसं उतरतात, गाडी वर उठते आणि आवाज नाहीसा होतो. गॅरेजमध्ये रिकाम्या गाडीतून चक्कर मारणाऱ्या मेकॅनिकला तो कधीच ऐकू येणार नाही. पुरावा मात्र जागेवर असतो : मडगार्डच्या आत बोट फिरवलं तर बाकी सगळीकडे खरबरीत धुळीचा थर लागतो आणि एका ठिकाणी हातभर लांबीचा, काचेसारखा गुळगुळीत काळा पट्टा. थारसारख्या गाडीचा किस्सा वेगळा. फोर-बाय-फोर लावून तिला कोरड्या डांबरावर आवळ वळवली तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, गाडी हिसके देते, कुरकुरते. तो आवाज फोर-बाय-फोर काढताच जातो.

घाटातला आवाज हा बेअरिंगचा प्रांत. वेग वाढला की घूं-घूं वाढते, इंजिनाचे फेरे कमी-जास्त केले तरी बदलत नाही, आणि न्यूट्रलला टाकल्यावरही तशीच राहते. (ही चाचणी सपाट, मोकळ्या रस्त्यावर करावी, घाटाच्या उतारावर न्यूट्रल टाकणं हा स्वतंत्र अपघात आहे.) त्यात उजव्या वळणावर आवाज चढत असेल तर भार डाव्या चाकांवर आलेला असतो, म्हणून संशय डाव्या बेअरिंगवर. आपल्याकडे डावी बाजू आधी जाण्याला कारणही आहे. उसाच्या हंगामात अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॉली आली की डावी चाकं साइडपट्टीवर उतरतात. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, त्यामुळे डांबराची कड तुटून वीतभर पायरी झालेली असते. तिच्यावरून परत चढताना डाव्या हबला बसणारा दणका उजव्याला बसत नाही. त्या दणक्याने बेअरिंगच्या कड्यावर गोळीचा बारीक खड्डा उमटतो, आणि पुढे प्रत्येक फेरीत गोळ्या त्या खड्ड्यावरून जातात. भाराचा हिशेबही निर्दय आहे. लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडिश अभियंत्यांनी 1947 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. भार सव्वापट झाला तर आयुष्य जवळजवळ निम्मं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. उजवीकडे वळताना आवाज म्हणजे डावं बेअरिंग, हा नियम प्रत्येक वेळी खरा ठरत नाही. मग 'केव्हा'वर तरी किती विसंबायचं? आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या हबमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात. वळणावरचा आडवा जोर भार एका ओळीवरून दुसरीवर ढकलतो. झिजलेली ओळ नेमकी आतल्या चाकावर असताना दाबली जाणारी असेल, तर आवाज उलट्या वळणावर येईल. शिवाय खालीवर झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो. म्हणून वेळेचं उत्तर हा निकाल मानू नये; त्याने फक्त संशयित कमी होतात. टायरला बाजूला काढणं सोपं आहे : डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर सूर बदलला तर टायर, तोच राहिला तर बेअरिंग. तरी शंका उरली तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून पाहावेत. आवाज टायरसोबत पुढे गेला तर बेअरिंगचे पैसे वाचले. मग जॅकवर चाक फिरवताना दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर टेकवावीत. कानाला ऐकू न येणारी बारीक किरकिर बोटांना स्पष्ट लागते. शेवटी चाक वरून-खालून धरून हलवावं आणि खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागतो का ते पाहावं.

ब्रेकबद्दल फार लांबण लावायचं कारण नाही, कारण तो स्वतःच आपला पत्ता देतो. हळू चालवताना ब्रेकवर किंचित पाय ठेवला आणि आवाज बदलला किंवा थांबला, तर दोष ब्रेकच्या भागात आहे. ड्रममध्ये लायनर संपले की रिव्हेट किंवा पत्रा ड्रमला खरवडतो. हँडब्रेकची केबल गंजून अडकली तर लायनर कायम घासत राहतात आणि पाच-दहा किलोमीटरनंतर एक ड्रम दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागतो. थेट हात न लावता जवळ नेला तरी धग कळते. मागे डिस्क असेल तर डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात खडीचा खडा अडकतो, एकाएकी भयंकर किंचाळतो आणि गाडी थोडी मागे घेतली की बहुधा पडून जातो. वळणावर डिस्क केसभर कलते, म्हणून हा खडाही वळतानाच ओरडतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या मिस्त्रीला या चाचण्यांची गरज काय, तो एका चकरेत सांगतो. सांगतो हे खरं. पण तो काय करतो ते नीट पाहिलं तर दिसतं की तो नुसता ऐकत नाही. तो रिकाम्या रस्त्यावर गाडी डावी-उजवी डोलवतो, मध्येच अॅक्सिलरेटर सोडतो, ब्रेकला पाय लावतो, बोळात शिरून स्टिअरिंग पूर्ण कापतो. तो 'केव्हा' हाच प्रश्न विचारतो, फक्त न बोलता. कानाची कीर्ती त्याला मिळते, काम मात्र या हालचाली करतात. आणि गर्दीच्या दिवशी तो चक्कर न मारता नुसत्या वर्णनावर निदान करतो तेव्हा तोही चुकतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे : एवढी उठाठेव करण्यापेक्षा मागची दोन्ही बेअरिंग बदलून टाकावीत, वेळ वाचेल. दोष बेअरिंगचा असेल तर हे ठीक. पण जुनं बेअरिंग प्रेसवर काढावं लागतं आणि नवं हातोडीने ठोकून बसवलं, तर पहिल्याच दिवशी त्याच्या कड्यावर तेच खड्डे पडतात जे रस्त्याने वर्षभरात पाडले असते. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. अनेक गाड्यांत त्यासाठी चाकाची गती मोजणारी चुंबकीय कडी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच असते. बेअरिंग उलटं बसलं की आवाज जातो आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. न बिघडलेला भाग बदलण्यात दुरुस्तीचा खर्च तर जातोच, वर नवा बिघाड घरी येतो.

शेवटी उरतो तो 'इथले रस्तेच असे आहेत, सगळ्याच गाड्या आवाज करतात' हा युक्तिवाद. खराब रस्त्याचा आवाज रस्त्यासोबत बदलतो. सोलापूर ते येडशी या चौपदरी महामार्गाच्या गुळगुळीत पट्ट्यावरही जो आवाज टिकतो आणि वळणावर रंग बदलतो, तो गाडीचा आहे. त्यातला कोणता चालवून घेता येईल आणि कोणता नाही, यात फरक करावा लागतो. मडगार्डला घासणारा टायर माणसं कमी करून घरी आणता येतो. नुकतीच सुरू झालेली घूं-घूं, चाकात खेळ नसताना, बेताच्या वेगाने गॅरेजपर्यंत नेता येते. गॅरेजमध्ये गेल्यावर 'मागचं चाक वाजतंय' एवढंच सांगू नका. किती वेगाला, डावीकडे की उजवीकडे, गाडी भरलेली की रिकामी, ब्रेक लावल्यावर काय होतं, या चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्या आणि मेकॅनिकला सोबत बसवून त्याच वळणावर न्या. चाक वरून-खालून हलवताना मात्र हाताला खेळ लागला, किंवा हब इतका तापला की हात जवळ नेववत नाही, तर ती गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नये. उचलून न्यावी.